चाचणीच्या साहित्यावर घट्ट बसलेलं काँक्रीट कसं काढावं?

मृण्मयी_लॅब

काँक्रीटच्या प्रयोगशाळेची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. कपाट उघडलं तर स्लम्प कोन (तो उचलल्यावर ताजं काँक्रीट किती खाली बसतं, म्हणजे स्लम्प, ते बघायचा), क्यूबचे साचे (ताकद तपासायचे ठोकळे ओतायचे), घनता काढायची बादली, एअर मीटर (काँक्रीटमधली हवा मोजायचा), सगळ्यांवर जुन्या काँक्रीटचे थर. बाहेरून आहेत ते एक वेळ चालतील, पण आतूनही आहेत. कोनच्या आत, वरच्या तोंडाच्या जरा खाली, करडा खरखरीत पट्टा आहे. बोट फिरवलं की लागतो. साच्यांच्या कोपऱ्यांत मॉर्टर भरून कोपरे गोल झालेत. एका साच्याच्या बाजूच्या पट्ट्या तळाच्या प्लेटवर नीट टेकतच नाहीत, बोल्ट कितीही आवळा, फट राहते.

इथे प्रत्येक जण वेगळा उपाय सांगतो. एक म्हणतो अ‍ॅसिड ओता, दुसरा म्हणतो छिन्नी-हातोडी घ्या, तिसरा म्हणतो गॅसच्या ज्योतीवर तापवा म्हणजे थर आपोआप सुटेल. मला साहित्य फक्त चकचकीत करायचं नाही, त्यातून येणारा आकडा खरा हवा आहे. म्हणून विचारते: कुठल्या वस्तूला काय वापरावं, आणि कशाला हातही लावू नये?

खडीवाळू

तापवायचा विचार पहिल्यांदा सोडा. काँक्रीटच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की तुकडे उडतात. डोळ्याला लागलं तर संपलंच. शिवाय साच्याची प्लेट वाकते, आणि वाकलेली प्लेट पुन्हा सपाट होत नाही.

बाकी थर पातळ असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल सौम्य करून वापरतात. आमच्याकडे मिक्सरच्या ड्रमला बाहेरून तेच लावायचे, काम लवकर होतं.

धातुविशारद

खडीवाळू, ड्रमला बाहेरून लावणं वेगळं आणि मोजमापाच्या साहित्याला लावणं वेगळं. आम्ल का चालतं ते आधी बघू. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तयार झालेलं कॅल्शियम कार्बोनेट असतं. आम्ल हे सगळं फोडतं. हायड्रोक्लोरिकमधून होणारं कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळून निघून जातं. वाळू जशीच्या तशी राहते, फक्त तिला धरून ठेवणारं काही उरत नाही.

पण थर संपला की आम्ल थांबत नाही, ते खालच्या धातूकडे वळतं. पोलाद खातं, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा जस्ताचा थर काही मिनिटांत साफ करतं, अ‍ॅल्युमिनियमला तर खड्डेच पाडतं. स्टेनलेस स्टीलसुद्धा क्लोराइडपुढे टिकत नाही, त्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. आणि या आम्लाची वाफ बंद खोलीत पसरली की शेजारच्या मशीनवर, कॅलिपरवर, चाळण्यांवर गंज चढतो. अशी बाटली प्रयोगशाळेच्या आत उघडूच नये.

आता मुद्दा. काँक्रीट गुळगुळीत पोलादाला फारसं धरत नाही. ते धरतं खड्ड्यांना, ओरखड्यांना, गंजाला आणि सगळ्यात जास्त कालच्याच काँक्रीटला. आम्लाने खाल्लेला पृष्ठभाग पुढच्या वेळी दुप्पट धरून ठेवतो. ग्राइंडरला तारेचं चाक लावून घासलं तरी तीच गत.

सुमेधा_क

मृण्मयी, माझ्या मते सुरुवात "काय लावू" इथून करू नका. "या वस्तूचा कुठला पृष्ठभाग मोजतो" इथून करा. कोनची आतली बाजू मोजते, बाहेरची नाही. बादलीचं पोट आणि काठ मोजतात, कड्या नाहीत. साच्याच्या आतल्या चार बाजू, तळ आणि सांधे मोजतात. जिथे मोजमाप होत नाही तिथे थोडं खरवडलं गेलं तरी बिघडत नाही. जिथे होतं तिथे धातूला ओरखडा न येता जेवढं निघेल तेवढंच काढायचं, आणि तरीही नाही निघालं तर वस्तू बदलायची.

बादलीचं उदाहरण घेते, कारण लोक तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष देतात. समजा बादली ७ लिटरची आहे आणि तळाच्या कोपऱ्यात गोल फिरून १०० मिलिलिटर मॉर्टर बसलंय. दिसायला काहीच नाही, तळाशी करडी कड दिसते एवढंच. चाचणीआधी तुम्ही रिकाम्या बादलीचं वजन नव्याने घेतलं, म्हणजे बसलेलं मॉर्टर रिकाम्या वजनात धरलं गेलं. आता बादलीत प्रत्यक्ष मावतं ६.९ लिटर. काँक्रीटची खरी घनता घनमीटरला २४०० किलो असेल तर वजन येईल १६.५६ किलो. तुम्ही भागणार ७ लिटरने. उत्तर येतं सुमारे २३६६. घनमीटरला ३४ किलोंचा फरक! घनतेवरून हवेचं प्रमाण काढत असाल तर ते जवळजवळ दीड टक्क्याने जास्त दिसेल. मग अ‍ॅडमिक्चरचा, म्हणजे मिक्समध्ये घालायच्या रसायनाचा, डोस कमी करायची चर्चा सुरू होते. चूक असते बादलीच्या कोपऱ्यात.

उलट, बादली स्वच्छ असतानाचं जुनं वजन वापरलं तर मॉर्टरचं वजनही काँक्रीटमध्येच मोजलं जातं आणि उत्तर जवळपास बरोबर येतं. म्हणजे एकाच बादलीने दोन जण दोन आकडे काढतात आणि दोघांनाही वाटतं आपलंच खरं. मला हे फार त्रासदायक वाटतं, कारण यात कुणीच आळशी नसतं. नव्याने वजन घेणारा तर जास्त काळजीने काम करणारा असतो.

मृण्मयी_लॅब

सुमेधा, हा हिशोब भिंतीवर लावते. आमच्याकडे दर वेळी नव्यानेच वजन घेतात.

निवृत्त_लॅबवाला

धागा आवडला. माझी सगळी नोकरी याच साहित्यात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

साचे. आधी पूर्ण उघडा. जोडलेल्या साच्यात खरवडत बसलात तर कोपरा कधीच निघत नाही. बोल्ट अडकले असतील तर गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेवा. पान्याला हातोडीने ठोकू नका, आटे जातात. पट्ट्या सुट्या झाल्या की टेबलावर सपाट ठेवून रुंद पात्याचा स्क्रेपर जवळजवळ आडवा धरून ढकला. पातं उभं धरलं की धातूत घुसतं, आडवं धरलं की थराखाली सरकतं. पाणी शिंपडत राहा म्हणजे धूळ उडणार नाही. या धुळीत स्फटिकी सिलिका असते, ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. कोरडं घासायची वेळ आलीच तर नुसतं कापड बांधून भागत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्कच हवा.

मोठ्या खपल्या निघाल्या की पातळ करडा पडदा राहतो. त्याला बारीक दाण्याचा तेलाचा दगड घ्या, ज्यावर पाती परजतात तो. तो पट्टीवर पूर्ण टेकवून, तेलाचे चार थेंब टाकून, लांबीच्या दिशेने फिरवा. दगड सपाट असल्यामुळे उंच असतं तेच घासलं जातं, पोलादाला खळगा पडत नाही. हाताने धरलेला ग्राइंडर नेमकं उलटं करतो.

आणि सांध्याच्या कडा. मृण्मयीताई, तुमच्या साच्याची जी फट राहते ती बहुधा तिथूनच येते. पट्टी जिथे तळाला टेकते त्या अरुंद कडेवर मॉर्टरचा पापुद्रा असतो. नखाने जाणवतो, डोळ्याला दिसत नाही. त्या फटीतून सिमेंटचं पाणी गळतं, क्यूबची कड मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळ निघते आणि क्यूब काटकोनात राहत नाही. मशीनमध्ये असा क्यूब एका बाजूने आधी दाबला जातो आणि काँक्रीटची ताकद आहे त्यापेक्षा कमी दिसते. १५० मिलिमीटरच्या साच्याला समोरासमोरच्या बाजूंतल्या अंतरात ०.२ मिलिमीटर, कोनात अर्धा अंश आणि सपाटपणात ०.०३ मिलिमीटर एवढीच सूट भारतीय मानक देतं. ०.०३ म्हणजे केसाच्या जाडीहून कमी. साफ केल्यावर सरळ पट्टी आडवी-उभी-तिरपी ठेवून फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) घालून बघा. पातं शिरलं तर तो साचा बाजूला.

टॅम्पिंग रॉड, म्हणजे काँक्रीट ठासायची सळई, कुणीच तपासत नाही. १६ मिलिमीटरचा, अर्धगोल टोकाचा. त्या टोकावर काँक्रीट चढून ते चपटं होतं, मग रॉड काँक्रीटमध्ये सरकत नाही, ढकलतो. सगळ्यात सोपी सफाई हीच आहे, आणि सगळ्यात जास्त राहून जाते तीही हीच.

विद्यार्थी_स्थापत्य

काका, स्लम्प कोनच्या आतल्या पट्ट्याचं काय? त्याने खरंच फरक पडतो का? कोन तर वर उचलूनच घ्यायचा असतो.

निवृत्त_लॅबवाला

पडतो. कोन ३०० मिलिमीटर उंच, खाली २००, वर १००. काँक्रीट सुटताना आतल्या भिंतीला घासत सुटतं. वरच्या भागात खरखरीत पट्टा असेल तर तिथे काँक्रीट ओढलं जातं. कधी स्लम्प कमी दिसतो, कधी एका बाजूला सरकून अर्धा ढीग कोसळतो. मग चाचणी रद्द करून पुन्हा करायची, तरी पुन्हा तेच. लोक मिक्सला दोष देतात. एकाच गाडीचं काँक्रीट दोन कोनांत भरून बघ, तुझं तुलाच कळेल.

आतून छिन्नी लावायची नाही. कोन आडवा पाडून बाहेरूनही ठोकायचा नाही, कारण बाहेरचा पोचा आत उंचवटा होऊन येतो. प्लास्टिकचा किंवा लाकडाचा स्क्रेपर घ्या, नाही निघालं तर काँक्रीट विरघळवणारं द्रव.

धातुविशारद

द्रवाबद्दल लिहितो, तिथेच जास्त गोंधळ होतो.

सल्फ्युरिक आम्ल नकोच. त्यातून कॅल्शियम सल्फेट होतं, ते पाण्यात फारसं विरघळत नाही. थरावर नवा पांढरा थर बसतो आणि आम्ल आत पोचत नाही. धोका मात्र पूर्ण.

व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल मंद आहे. धुऊनही राहिलेला पांढुरका पापुद्रा त्याने जातो, जाड खपलीला त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. सायट्रिकमधून होणारं कॅल्शियम सायट्रेटही कमीच विरघळतं, म्हणून मध्ये मध्ये ब्रश मारून द्रव बदलावं लागतं. फॉस्फोरिक पोलादाला हायड्रोक्लोरिकपेक्षा बरं. सल्फॅमिक आम्ल पावडरीत मिळतं, त्याची वाफ येत नाही आणि त्याचं कॅल्शियमचं क्षार विरघळतं. आम्लच वापरायचं असेल तर पोलादी वस्तूंसाठी मी हेच घेईन. जस्त आणि अ‍ॅल्युमिनियमवर तेही नको.

साखरेच्या पाकासारखी किंवा युरियाच्या क्षारांची तयार द्रवं मिळतात, ती मला मोजमापाच्या पृष्ठभागांसाठी सगळ्यात पसंत. वेळ जास्त घेतात. लावून ओलं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, थर मऊ होऊन चिखलासारखा झाला की लाकडी पट्टीने ओढायचा, पुन्हा लावायचं. घाई असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही.

आम्ल कुठलंही असो, आधी पाणी मग आम्ल. उलट नाही. ब्लीचिंगच्या द्रावणाशी गाठ पडली तर क्लोरीन वायू होतो, म्हणून एकाच मोरीत दोन्ही नकोत. पाण्याचा नळ हाताशी हवा, डोळ्याला बंद गॉगल हवा, नायट्राइलचे हातमोजे हवेत. काम झालं की भरपूर पाणी, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी, पुन्हा साधं पाणी, लगेच कोरडं करणं आणि तेलाचा हात. यातली शेवटची पायरी गाळली की दुसऱ्या दिवशी सगळं नारिंगी.

खडीवाळू

पटलं. ड्रम आणि कोन मी एकाच तराजूत तोलत होतो. एक विचारतो, साखरेचं पाणी थेट वापरलं तर? ताजं काँक्रीट साखरेने सेट होत नाही हे साइटवर सगळ्यांना माहीत असतं.

सुमेधा_क

ताज्याला चालतं, आणि म्हणूनच प्रयोगशाळेत मला त्याची भीती वाटते. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखरही सेटिंग काही तास मागे ढकलते. धुताना राहिलेला चिकट थर पुढच्या नमुन्यात गेला तर सेटिंग टाइमच्या (घट्ट व्हायला लागणाऱ्या वेळाच्या) चाचणीचा भरवसा संपला. वापरायचंच असेल तर बादली वेगळी, ब्रश वेगळा, आणि नंतर साध्या पाण्याने दोनदा खळखळून धुणं. मी तर सेटिंग टाइमच्या साहित्याजवळ ती बादली नेऊच देत नाही.

मृण्मयी_लॅब

एअर मीटरचं कुणीतरी सांगा. भांडं अ‍ॅल्युमिनियमचं आहे, झाकणाखाली सगळीकडे सिमेंट आहे. एक पेटकॉक (छोटा नळ) फिरतच नाही.

धातुविशारद

अ‍ॅल्युमिनियमला आम्लही खातं आणि अल्कलीही. ताज्या सिमेंटच्या पाण्याचा पीएच १२.५ च्या वर असतो, त्यामुळे काँक्रीट जितका वेळ बसून राहतं तितका वेळ ते भांड्याला खात असतं. तुमच्या भांड्यात थराखाली खड्डे निघतील, तयारी ठेवा. तिथे फक्त लाकूड, प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमला चालतं असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं द्रव. तारेचा ब्रश नाही.

निवृत्त_लॅबवाला

झाकण पाण्यात बुडवायचं नाही. वरच्या हवेच्या कोठीत पाणी गेलं की गेजचं वाचन बिघडतं. आधी रबरी पॅकिंग हाताने काढा, टोकदार वस्तूने उचकटू नका. पॅकिंगची खाच लाकडी काडीने, थोड्या पाण्याने, एक एक इंच साफ करा. त्या खाचेत वाळूचा एक दाणा राहिला तरी हवा गळते आणि वाचन खोटं येतं. पेटकॉक जोर लावून फिरवू नका, खोलून काढा आणि त्याची नळी द्रवात ठेवा. भोकात खिळा घालून कोरलात तर भोक मोठं होतं आणि तो कायमचा गळतो. पेटकॉक बदलणं स्वस्तात पडतं, पॅकिंगही.

जोडल्यावर दाब भरा, सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की तिथे गळती. मग पाण्याने भरून, मोजून पाणी काढून, कॅलिब्रेशन पुन्हा करा. उघडलेला मीटर कॅलिब्रेशनशिवाय साइटवर पाठवू नये, या बाबतीत मी कधीच कुणाचं ऐकलं नाही.

विद्यार्थी_स्थापत्य

साफ झाल्यावर सगळ्यालाच तेल लावून ठेवायचं ना?

सुमेधा_क

ठेवताना हो, चाचणी करताना नाही. साच्याला आतून तेलाचा अगदी पातळ हात लागतोच. जास्त झालं तर कोपऱ्यात साठतं आणि क्यूबच्या अंगावर छिद्रं पडतात. स्लम्प कोन मात्र ओल्या फडक्याने पुसून वापरायचा, तेलाने नाही. तेल असेल तर काँक्रीट जास्त सहज सुटतं आणि आकडा बदलतो. म्हणून कोनचं साठवणीचं तेल चाचणीआधी साबणाने धुऊन काढा.

स्वाती_क्यूसी

वाचनखूण साठवली. आमच्याकडे सेल्फ कॉम्पॅक्टिंगचं, म्हणजे न ठासता आपोआप पसरून बसणाऱ्या काँक्रीटचं, काम आहे, त्यात व्ही-फनेलची भर घालते. हे असं काँक्रीट किती वेळात वाहून जातं ते बघायचं नरसाळं. त्याचं खालचं तोंड ६५ गुणिले ७५ मिलिमीटरचं. त्या झडपेच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरचा थर बसला की वाट लहान होते, फनेल रिकामं व्हायला जास्त सेकंद लागतात आणि काँक्रीट आहे त्यापेक्षा घट्ट वाटतं. झडप उघडून तिच्या कडेवर आरसा धरून बघा, वरून काहीच दिसत नाही.

क्यूब दाबून फोडायच्या कॉम्प्रेशन मशीनचंही विचारते. प्लेटवर तुटलेल्या क्यूबचे कण चिकटून राहतात. द्रव चालेल का?

निवृत्त_लॅबवाला

नको. तिथे ब्रश आणि कोरडं फडकं, प्रत्येक क्यूबनंतर. चिकटलेला कण असेल तर आडव्या पात्याने अलगद काढा. वरच्या प्लेटच्या गोल सांध्यात पाणी किंवा द्रव गेलं की तो सांधा फिरत नाही. तिथे साधं पातळ तेल, ग्रीस नको. दाबाखाली प्लेट जागेवर स्थिर राहायला हवी, ग्रीसमुळे ती सरकत राहते.

मृण्मयी_लॅब

सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंत झालेलं सांगते, पुढे कुणाच्या उपयोगी पडेल.

बादलीला पाकासारखं द्रव लावून, ओलं फडकं गुंडाळून ठेवली. कोपऱ्यातली कड मऊ झाली आणि प्लास्टिकच्या पट्टीने लांबच लांब सालीसारखी निघाली. खालचं पोलाद गुळगुळीत आहे. मग पाणी भरून, वर काच सरकवून, एकही बुडबुडा नाही हे बघून वजन केलं आणि २५ अंशांना पाण्याची घनता घनमीटरला ९९७ किलो धरून आकारमान काढलं. ते आता बादलीवरच तारखेसह लिहिलंय.

साच्यांपैकी बरेचसे तेलाच्या दगडावर ठीक झाले. फट राहणाऱ्या साच्याच्या सांध्याच्या कडेवर काकांनी सांगितलेला पापुद्रा खरंच होता. तो काढला आणि फट गेली. दोन साचे फीलर गेजमध्ये नापास, त्यांच्यावर लाल रंग मारून वेगळे ठेवले. स्लम्प कोनचा पट्टा निघाला, पण खाली जुना पोचा सापडला. तो कोन आता फक्त शिकाऊ मुलांना पद्धत दाखवायला, रिपोर्टसाठी नवा.

शेवटचा प्रश्न. वापरलेलं द्रव आणि करड्या पाण्याचं काय करायचं?

धातुविशारद

गटारात सोडू नका. सिमेंटचं पाणी तीव्र अल्कली आणि वापरलेलं द्रव आम्ल, दोन्ही वेगवेगळ्या पिंपांत साठवा. गाळ खाली बसू द्या. वरच्या पाण्याला पीएचचा कागद लावा. आम्लाच्या पिंपात सोडा थोडा थोडा टाका, फेस येतो म्हणून पिंप अर्धंच भरलेलं असू द्या. ६ ते ९ च्या मध्ये आलं की तुमच्याकडच्या सांडपाण्याच्या नियमाप्रमाणे पुढे. गाळ उघड्यावर घट्ट होऊ द्या आणि राडारोड्यात द्या.

खडीवाळू

सिमेंटच्या पाण्याच्या पिंपातलं वरचं निवळ पाणी आम्ही पुढच्या धुलाईची पहिली फेरी म्हणून वापरतो. शेवटची फेरी मात्र नळाच्या पाण्याची. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना ते पाणी लावत नाही.